ताई, तुला कावळे दिसत नाहीत का?

४ मार्च

ताई,

औषध घेतो. जेवतो. झोपतो. दर रविवारी तू फोनवर जे तीन प्रश्न पाठवतेस ते पहिल्याच ओळीत निकालात काढले. आता उरलेला कागद माझा.

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर लिहिलं की तू फोनवरच उत्तर देतेस, आणि तिथे तुझं वाक्य चार शब्दांच्या वर जात नाही. तू कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपत्रकं लिहितेस हे मला मान्य आहे. ‘झाकण बंद करा. नळ सुरू करा.’ मशीनला तेवढं पुरत असेल. पण मलाही तू नऊ वर्षं तसंच लिहितेस, आणि मी काही मशीन नाही. हा कागद आमच्या बाइंडिंगच्या दुकानातला आहे, कटिंग मशीनखाली उरलेल्या पट्ट्यांचा. म्हणून पत्र असं लांबट आणि अरुंद आहे.

कारण सांगतो. महिन्याच्या तपासणीला दवाखान्यात गेलो होतो, तिथे दारावर एक कागद चिकटवला होता. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं आलंकारिक भाषा कशी समजून घेतात याचा अभ्यास चालू आहे, भाग घ्यायचा असल्यास आत विचारा. मी लगेच आत विचारलं. इतकी वर्षं सगळे मला झोप किती तास लागते हे विचारतात. शब्द ऐकल्यावर तुझ्या डोक्यात काय होतं, हे कोणीच विचारलं नव्हतं, आणि मला तर ते कधीपासून कोणाला तरी सांगायचं होतं.

आई म्हणाली, “कशाला नसत्या भानगडीत पडतोस?” दुकानात मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, “जा की. गुरुवारी दुपारी तसंही काम कमी असतं.” मी मास्तरांचं ऐकलं.

तुझा भाऊ


१३ मार्च

ताई,

पहिला गुरुवार झाला. अभ्यास करणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. नाव सांगितलं तिने, पण मी तिला मनात प्रश्नवालीच म्हणतो. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पत्त्यांसारखा कार्डांचा गठ्ठा. एकेका कार्डावर एकेक वाक्य. ते वाचायचं आणि अर्थ सांगायचा, आणि मला किती वेळ लागतो ते ती टेबलाखाली घड्याळावर बघणार. घड्याळ टेबलावर ठेवलं असतं तरी मला चाललं असतं.

पहिलं कार्ड पोटात कावळे ओरडण्याचं होतं. मी म्हटलं, “भूक लागणं.”

“लगेच सांगितलंत,” ती म्हणाली.

“हो. पण कावळेही दिसतात.”

तिने पेन खाली ठेवलं. “म्हणजे खरे?”

“खरे नाहीत. मला माहीत आहे ते खरे नाहीत. तीन आहेत, त्यातला एक चिडका आहे. आधी ते येतात, मग भूक येते, मग ते बाजूला सरकतात. पण जात नाहीत.”

तिने बरंच लिहिलं. मग मीच तिला विचारलं, “तुम्हाला नाही का दिसत?” ती जरा गडबडली आणि म्हणाली, तिने कधी असं लक्ष दिलं नाही. हे फारच नवल आहे, ताई. माणसं जन्मभर पोटात कावळे घेऊन हिंडतात आणि एकदाही बघत नाहीत?

घरी येऊन आईला विचारलं, “आई, तुला कावळे दिसतात का?” झालं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. “कुठे दिसले? किती दिवस दिसताहेत?” म्हणत तिने गोळ्यांचा डबा काढला आणि मोजायलाच बसली. सगळ्या गोळ्या बरोबर निघाल्या तरी तिचा विश्वास बसेना. मास्तरांना विचारलं तर ते पुठ्ठ्याला खळ लावता लावता थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, “आता तू विचारलंस म्हणून दिसायला लागले. काय कटकट लावलीस माझ्यामागे!”

तुलाही विचारतो. तुला दिसतात का?

चाळीसपैकी अडतीस कार्डं मला आली. न आलेली दोन्ही टोमण्याची होती. ते मला जमतच नाही, तुला माहीत आहे. मास्तर एकदा माझी तिरकी कापलेली पानं बघून म्हणाले होते, “वा, काय सरळ कापलंस!” आणि मी त्यांचे आभार मानले होते. तेव्हापासून आमचं ठरलंय. टोमणा मारताना मास्तर चष्म्याला बोट लावतात. बोट लावलं की उलट समजायचं, नाही लावलं की आहे तसं. गिऱ्हाईकांना वाटतं त्यांचा चष्मा सैल आहे. प्रश्नवालीला ही युक्ती इतकी आवडली की तिने ती वहीत चौकट करून लिहून घेतली.

शेवटी तिने विचारलं, कधी कोणाचं बोलणं शब्दशः घेऊन मोठा घोटाळा झाल्याचं आठवतं का? मी तुझ्या वह्यांचं सांगितलं. तू कोळ्यांच्या जाळ्यांची चित्रं काढायचीस, आठ वह्या भरल्या होत्यास, त्या दाखवून तुला दूरच्या संशोधन संस्थेत जागा मिळणार होती. आईशी भांडताना तू म्हणालीस, “आग लागो त्या वह्यांना!” आणि मी जाऊन लावली. घरात सगळे जसं सांगतात तसंच सांगितलं. तिने दीड पान लिहिलं.

कावळ्यांचं उत्तर पाठव.


२१ मार्च

ताई,

तुझा मेसेज मिळाला. ‘तसं बोलायला नको होतं. चूक माझी होती. अजूनही वाईट वाटतं. औषध घेतोस ना?’

मी फक्त कावळ्यांचं विचारलं होतं.

तो मेसेज मी तीनदा वाचला आणि मग फोन खळीच्या डब्यामागे ठेवून दिला. तू आधी किती बोलायचीस! मी दुकानातून आलो की नाक धरायचीस, “आला डिंक्या, आता सगळं घर चिकट होणार!” डिंक्या हे नाव तूच ठेवलंस, कारण मला डिंकाचा वास यायचा आणि मी तुला चिकटून असायचो. आईला म्हणायचीस, याला डोक्यावर बसवून ठेवलंयस. आणि मला, ‘माझी चित्रं बिघडवलीस तर सोलून काढीन.’ त्या सगळ्यात मला कधी काही अडलं नाही. नऊ वर्षांत तू मला एकदाही डिंक्या म्हणाली नाहीस. तुला वाटतं मी तेही शब्दशः घेईन आणि स्वतःला कुठेतरी चिकटवून घेईन.

असो. दुसऱ्या गुरुवारची गंमत सांगतो. या वेळी प्रश्नवालीने नवीकोरी वाक्यं आणली होती, कोणी कधी न म्हटलेली, तिने स्वतः रचलेली. ‘त्या बाईचं बोलणं म्हणजे ओला टॉवेल.’ यावर मी बराच वेळ अडकलो. टॉवेल दिसला, निळा, एका कडेला दोरा निघालेला. तो जड होता. मग गार होता. मग मी त्याला वाळत घालायला जागा शोधायला लागलो आणि बाई राहिलीच बाजूला. शेवटी म्हटलं, “तिचं बोलणं ऐकून झालं की ते ठेवायचं कुठे हे कळत नाही.” ती हसली आणि म्हणाली, असं उत्तर तिच्या यादीत नाही, पण ते तिला स्वतःच्या उत्तरापेक्षा आवडलं. तिचं उत्तर होतं, कंटाळवाणं.

मला यातून एक गोष्ट कळली. वापरून वापरून मऊ झालेले शब्द मला अडवत नाहीत. नवे अडवतात, कारण त्यांची घडी पडलेली नसते. नव्या कागदाला हाडाच्या पट्टीने दाबून घडी घालावी लागते, जुना कागद आपणच मिटतो. हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, खूप आजारी असताना कसं होतं? मी म्हटलं, लोकांना वाटतं तेव्हा मला अर्थ कळत नसे. उलटं होतं. अर्थ फार कळत असे. बसवर साबणाची जाहिरात असली तरी ती मलाच काहीतरी सांगायची. एकही शब्द नुसता शब्द म्हणून गप्प बसायचा नाही. ते दिवस मला परत नको आहेत.

मग तिने कागद चाळले आणि कपाळाला आठ्या घातल्या. “तुमचं ते वह्यांचं उदाहरण इथे बसत नाही,” ती म्हणाली. “रोजचे वाक्प्रचार तुम्हाला पटापट येतात. ‘आग लागो’ हे तर घरोघरी दिवसातून दहा वेळा म्हणतात. तुम्ही ते लहानपणापासून ऐकलं असणार.”

मी टेबलावरची कार्डं सरळ करायला लागलो.

“तेव्हा आजार जास्त असेल, म्हणून असेल,” तिचं तिनेच उत्तर दिलं.

“असेल,” मी म्हटलं.

बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर बसून राहिलो. चहा प्यायला हवा होता, पण उठावंसं वाटेना.


५ एप्रिल

ताई,

मला हे असं कळायला नको होतं.

प्रश्नवालीला घरच्या लोकांसाठी एक पत्रक काढायचं आहे, आजारी माणसाशी कसं बोलावं याचं. मीच तोंड उघडून बसलो होतो की माझी बहीण पत्रकं लिहिते. तिने तुला फोन केला, तू लगेच हो म्हणालीस आणि चार दिवसांत लिहूनही पाठवलंस. काल तिने मला ते वाचायला दिलं. म्हणाली, तुमचं मत हवं.

दहा वाक्यं आहेत. लहान वाक्यं वापरा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. थट्टा टाळा. वाक्प्रचार टाळा. आणि सातवं, ‘रागाच्या भरात बोललेला शब्द घर जाळू शकतो. आयुष्यभर पस्तावाल.’ हे सूचनापत्रकातलं वाक्य नाही, ताई. नऊ बाकीची तू टेबलाशी बसून लिहिलीस, आणि हे एक कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

पत्रक छापून झालं की घड्या घालायला आमच्याच दुकानात येणार आहे. दवाखान्याची सगळी कामं मास्तर करतात. हजार प्रती आहेत. हजार वेळा ते सातवं वाक्य माझ्या हाडाच्या पट्टीखाली येणार, आणि मग हजार घरांत. तिथल्या आया आणि बहिणी दाताखाली जीभ धरून बसणार, आणि कोणीतरी माझ्यासारखा रोज त्यांच्याकडे बघत विचार करणार की हे लोक असे का बोलायला लागले.

मी मास्तरांना म्हटलं, “हे काम मी नाही करणार.” ते म्हणाले, “का?” बोट चष्म्याला नव्हतं. मी पुठ्ठे मोजायला लागलो.


९ एप्रिल

ताई,

आज ते सांगतो.

मला कळलं होतं.

तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. आई म्हणत होती, तू गेलीस तर याच्याकडे कोण बघणार, मी एकटी किती दिवस पुरणार. बाबा जाऊन दोनच वर्षं झाली होती. तू दमली होतीस. दोन्ही हात वर केलेस आणि म्हणालीस, “आग लागो त्या वह्यांना! नाही जात कुठे!” मी आतल्या खोलीत होतो. तू काय म्हणतेस ते मला जसंच्या तसं कळलं. तू वैतागली होतीस, बाकी काही नाही. सकाळपर्यंत राग उतरेल आणि तू वह्या बॅगेत भरशील, हेही कळलं. म्हणजे तू जाणार होतीस.

तेव्हा मी आजारी होतो हे खरं आहे. आवाज येत होते हेही खरं आहे. पण वह्या जाळल्या त्या दुपारी त्यांनी मला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी आज त्यांच्यावर ढकललं असतं, मला तेवढी लाज नाही.

मला तू जायला नको होतीस. एवढंच कारण आहे. ते इतकं साधं आहे की मला लिहितानाही शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी मास्तर माल पोचवायला गेले होते. मी वह्या दुकानात नेल्या. आता नीट ऐक, कारण हे फक्त बाइंडरला माहीत असतं. मिटलेली वही जळत नाही. कडा काळ्या होतात, धूर होतो, आणि आतली पानं तशीच राहतात. शेगडीत टाकली असती तर तुझी चित्रं वाचली असती. मी जर वेडाच्या भरात, तुझा शब्द ऐकून आग लावली असती, तर अशीच टाकली असती.

मी त्या उसवल्या. वह्या मीच तुला शिवून दिल्या होत्या, एकेका वहीत दुमडलेल्या पानांच्या दहा घड्या, प्रत्येक घडीला चार टाके. एकेक घडी मधोमध उघडून पातीने टाके कापले, पानं सुटी केली, आणि थोडी थोडी करून खळ शिजवायच्या शेगडीत घातली. दोनला बसलो, साडेचारला उठलो. अडीच तास, ताई. त्यात मला ऐंशी वेळा थांबता आलं असतं.

तू आलीस तेव्हा आठ रिकामे पुठ्ठे एकावर एक रचलेले होते. तू ओरडलीही नाहीस.

मग डॉक्टरांनी विचारलं, असं का केलंस? आईने माझ्या आधी उत्तर दिलं, “त्याला शब्दशः वाटलं. हिने म्हटलं आग लागो, त्याने लावली.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती एक मान मी नऊ वर्षं हलवतो आहे. मला माफी मिळाली आणि गुन्हा तुझ्या डोक्यावर बसला. तुझी संस्था गेली, दोन महिन्यांनी तू तरीही घर सोडलंस, आणि मशीनच्या झाकणांबद्दल लिहायला लागलीस. माझ्याशीही.

तुझ्या बोलण्याने काही पेटलं नाही. काडी मी ओढली. सातवं वाक्य काढून टाक.

तू आता मला तोडलंस तर मी समजू शकतो. तू नऊ वर्षं एका आजारी भावाची काळजी घेतलीस, आणि मी तुला त्याच्या जागी एक लबाड भाऊ देतो आहे. मला खूप भीती वाटते आहे. पण रागवायचं असेल तर पूर्ण वाक्यांत रागव.

वह्या उसवणारा


३० एप्रिल

ताई,

तीन आठवडे झाले. दोन रविवार तुझे तीन प्रश्नही आले नाहीत. ते येत होते तेव्हा मी वैतागायचो, आता दर रविवारी फोन समोर घेऊन बसतो. तरी मी सांगून टाकतो, औषध घेतो, जेवतो. झोप जरा कमी आहे.

प्रश्नवालीला खरं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. पण तिचे डोळे चमकले, तिला ते लपवता येत नाही. म्हणाली, “म्हणजे तुम्हाला अर्थ कळला होता, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की कळला नव्हता.”

“मीही ठरवलं,” मी म्हटलं.

तिने उदाहरण खोडलं. पत्रकाचं काम तूच थांबवलंस असं ती म्हणाली. का ते सांगितलं नाहीस, एवढंच कळवलंस. म्हणजे माझं पत्र तुला मिळालं आहे.

मग मी आईलाही सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती, हात थांबला नाही. “मला माहीत होतं,” म्हणाली. “त्या दिवशी दुकानात आले तेव्हा टेबलावर कापलेले दोरे पडले होते. मी ते उचलून पदरात घेतले आणि वाटेत टाकले.”

मी विचारलं, “मग तू तसं का सांगितलंस?”

“आजारी आहे म्हटलं तर लोक दया करतात. दुष्ट आहे म्हटलं तर काय करतील? मला त्या वेळी दोन्हींतलं एक निवडायचं होतं.” तिने एक शर्ट झटकला. “तिच्यावर जाईल हे तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तोवर घडी बसली होती.”

आईवर रागावता आलं नाही. आम्ही दोघांनी मिळून उरलेले कपडे वाळत घातले.

ते आठ पुठ्ठे माझ्याकडे आहेत. त्यांच्यावरचं कापड जळताना वास येतो म्हणून तेव्हा जाळले नव्हते. दुकानातल्या वरच्या फळीवर, जुन्या नमुन्यांच्या मागे ठेवले आहेत. मास्तर ती फळी साफ करत नाहीत. मला वाटतं तेही माहीत असून करत नाहीत.


१४ मे

ताई,

तुझं पत्र सोमवारी आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी, आणि शेवटच्या पानाच्या समासातही.

पाकीट दुकानात फोडलं. पहिल्याच ओळीत तू लिहिलं होतंस, ‘डिंक्या, गाढवा, हे पत्र स्वतः वाचू नकोस, मास्तरांकडून वाचून घे, आणि त्यांना म्हणावं चष्मा घट्ट धरा.’ डिंक्या या शब्दावर बोट ठेवून तो परत वाचला. मग पत्र मास्तरांना दिलं. त्यांनी हात धुतले, खुर्ची उजेडात ओढली आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

“‘वा रे माझ्या शहाण्या, फार लवकर तोंड उघडलंस!’” बोट चष्म्याला.

“‘नऊ वर्षं मी शब्द मोजूनमापून बोलले, चुकून एखादा जास्त गेला तर रात्रभर जागले, आणि तू तिकडे मजेत बसून कावळे मोजत होतास. तुझे उपकार कसे फेडू!’” बोट चष्म्याला.

“‘तुला सोलून काढायला पाहिजे.’” इथे बोट नव्हतं. मी विचारलं, “मास्तर, हे?” ते म्हणाले, “हा टोमणा नाही. हा राग आहे. खरा आहे.” मी म्हटलं, “वाचा पुढे.”

दोन पानं असंच चाललं. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही मास्तरांनी थांबवून ठेवलं. तू लिहिलं आहेस की माझ्यामुळे तुला थट्टा करायचीच भीती वाटायला लागली, ऑफिसातही, मित्रमैत्रिणींतही. लोक तुला रुक्ष म्हणतात. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तू फक्त माझ्याशी तशी बोलतेस. हे मी जाळलेल्या वह्यांपेक्षा जास्त आहे, ताई, आणि हे परत कसं शिवायचं ते मला माहीत नाही.

तिसऱ्या पानावर तू विचारलंस, ‘उसवताना चित्रं बघितलीस का? खरं सांग.’

खरं सांगतो. सगळी बघितली. सहाव्या वहीत न्हाणीघराच्या खिडकीतलं जाळं होतं, त्याचा एक तुकडाच नव्हता, आणि तू खाली लिहिलं होतंस, ‘हिने मुद्दाम सोडलाय की विसरली?’ दुसऱ्या वहीत एक जाळं सायकलच्या चाकात होतं. तिसऱ्यात दुकानाच्या दारावरचं, त्यात मास्तरांच्या खळीचा थेंब अडकला होता, तोही तू काढला होतास. मला अजून बरीच आठवतात. एकेक सांगू शकेन, तुला ऐकवलं तर.

समासात तू लिहिलं होतंस, ‘कावळे दिसतात. दोनच आहेत. दोघेही तुझ्याइतकेच निर्लज्ज आहेत.’ मास्तरांनी चष्म्याला बोट लावलं, मग काढलं, मग परत लावलं. म्हणाले, “हे अर्धं अर्धं आहे. मला नीट सांगता येत नाही.” मी म्हटलं, राहू दे, एवढं मला कळतं.

शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या. मास्तरांनी पान उजेडाकडे वळवलं.

“‘त्याच पुठ्ठ्यांत आठ कोऱ्या वह्या शिव. टाके पक्के घाल. आणि पोस्टाने पाठवायच्या नाहीत, स्वतः घेऊन यायचं.’”

मी वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघतच नव्हतो, ताई. मी हाताकडे बघत होतो. ओळी संपल्या, मास्तरांनी पत्राची घडी घातली, गिऱ्हाईक चुळबुळत उभं होतं, आणि मी वाट बघत राहिलो.

हात टेबलावरच होता.

डिंक्या